पुढे दिवा, मागे बॅटरी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने फोन करून सांगितलं, "मरोळच्या सायकल गटाविषयी तू लिही. पण नुसत्या आठवणी नकोत, त्या सगळेच लिहितात. थोडा इतिहास येऊ दे." इतिहास म्हटलं की मला आठवीच्या वर्गातल्या आपल्या बाई दिसतात. उत्तर बरोबर आलं तरी त्या लगेच खाली बसू देत नसत. चष्म्याच्या वरून बघत विचारायच्या, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हणालो तर पुस्तकात कशावरून, आणि आजोबांनी सांगितलं म्हणालो तर आजोबांना कशावरून! बाई आज हा अंक वाचणार आहेत असं कळलं, म्हणून जरा जपून लिहितो.

आधी गटाविषयी. आपल्या १९८१ च्या दहावीच्या तुकडीचं पहिलं मोठं संमेलन झालं, त्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे २०१६ साली, हा गट सुरू झाला. संमेलनात कुणीतरी म्हणालं, "आपण सगळे पन्नाशीत आलो, साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, काहीतरी करूया." अशा गोष्टी जेवणाच्या पंगतीत ठरतात आणि हात धुताना विसरल्या जातात. ही मात्र विसरली गेली नाही. पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनखाली आम्ही अकरा जण उभे होतो. त्यातल्या चौघांनी मुलांच्या सायकली आणल्या होत्या आणि एकाची सीट इतकी खाली होती की गुडघे हनुवटीला लागत होते. आज यादीत चाळीसच्या वर नावं आहेत, रविवारी बारा-पंधरा जण येतात. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. टी-शर्ट एकदाच केले होते, त्यावर छापणाऱ्याने 'मरोळ'चं 'मरोल' केलं. मराठी शाळेतले आम्ही, ते घालून फिरायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक मरोळ-मरोशी रस्त्याने आरेत जाते. दुसरी पवई, विक्रोळीवरून पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंड-ठाण्याकडे. तिसरी चकाल्यावरून वांद्रे, माहीम, वरळी करत मरीन ड्राइव्हला. या तिसऱ्या वाटेवर सागरी सेतू आला आणि पुढे किनारी रस्ताही आला, पण दोन्हीकडे सायकलला मज्जाव आहे. समुद्रावरून जाणारे हे रस्ते आम्ही लांबूनच बघतो आणि माहीमच्या गर्दीतून वाट काढतो.

मरोळ हे सायकलचं गाव आहे असं कुणी म्हणणार नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्याची ओळख दुसरीच. महाकाली, म्हणजे कोंडिविट्याची बौद्ध लेणी, आपल्या सहली तिथेच जायच्या कारण बस लागत नसे. सीप्झच्या कुंपणाच्या आत १५७९ साली पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे ते सोडून वस्ती मरोळकडे सरकली. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन निघालेली मिठी नदी आपल्याच अंगाने जाते. आणि तानसाच्या बाजूने शहराला पाणी आणणारे ते अवाढव्य नळ, ज्यांच्यामुळे बसच्या थांब्याचंच नाव 'मरोळ पाइपलाइन' पडलं. या नळांच्या कडेने मुलुंडपासून शीवपर्यंत सायकलसाठी मार्ग करायची योजना महापालिकेने काही वर्षांपूर्वी जाहीर केली, तेव्हा आमच्या गटात पेढे वाटले गेले होते. पेढे जरा लवकर वाटले.

गटाला वर्ष झालं तेव्हा छोटा कार्यक्रम केला आणि 'सायकलची परंपरा' या विषयावर मी भाषण ठोकलं. तयारी चांगली केली होती. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले, तिथून सुरुवात केली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती फेरी पुरी केली. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असं सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून ते मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. मग मुंबई-पुणे सायकल शर्यतीवर आलो. बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे सांगताना माझा आवाज चढला. शेवटी नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू. २०१५ साली दोघांच्या संघाने त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची 'रॅम' ही शर्यत पुरी केली. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी मुलींच्या रांगेत पहिल्या बाकावर बसणारी आपली मैत्रीण जवळ आली. ती बावन्नाव्या वर्षी सायकल शिकली आणि आता आरेचा चढ माझ्या आधी चढते. म्हणाली, "भाषण छान झालं. पण एक सांग, त्यातलं मरोळचं कोण होतं?"

मी म्हटलं, "मरोळचं कोण असणार?"

"तुझे बाबा आणि माझे दादा रोज एमआयडीसीत कशावरून जायचे? विमानाने?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या भाषणात सहा निघाले आणि तिघे परतले, एक पुढे गेला आणि बाकीचे मागे राहिले, अशाच गोष्टी होत्या. आम्ही रविवारी जे करतो ते तसं नाही. आम्ही एकत्र निघतो आणि एकत्र परततो. ही रीत आम्हाला कुठून मिळाली, याचं उत्तर मी शोधलंच नव्हतं.

तर आता तो इतिहास. याला पुस्तक नाही. मी, ती मैत्रीण आणि बाबांबरोबर काम केलेले दोन वृद्ध गृहस्थ, एवढाच आधार. बाईंनी मान्य करावा.

सत्तरच्या दशकात मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने वाढत होते, सीप्झही १९७३ साली आलं. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बस होती, पण पाळी सुटायची वेळ आणि बसची वेळ यांचं कधी जमलं नाही. म्हणून सायकली. माझे बाबा एका इंजिनीअरिंगच्या कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या पाळीत आमच्या बाजूचे सहा जण होते. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटायची. रस्त्याला दिवे होते, पण एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत अंधारच जास्त. दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस अडवायचे, हवा सोडायचे, दंड करायचे. आता सहा जणांपैकी डायनॅमोचा दिवा फक्त एकाच्या सायकलला, कारण डायनॅमो महाग. म्हणून तो पुढे. बाकीचे त्याच्या मागे दोन-दोन. आणि सगळ्यात मागे माझे बाबा, कॅरिअरला उलटी बांधलेली बॅटरी पेटवून, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला दिसावं. एवढी व्यवस्था. दिवेवाला आणि बॅटरीवाला यांच्यामध्ये जो असेल तो सुरक्षित. म्हणून गेटबाहेर सगळे जमल्याशिवाय कुणी निघायचं नाही. एखाद्याला फोरमनने थांबवलं तर पाच जण पानाच्या टपरीपाशी उभे. डायनॅमोचा दिवा चाक फिरेल तसा लागतो, फार हळू गेलं तर मंदावतो, म्हणून फार हळूही जाता येत नसे. फार जोरात गेलं तर मागचा अंधारात. त्या दिव्यानेच त्यांची गती ठरवली होती.

बाबांची सायकल 'हिंद' होती, जुनी घेतलेली. वरळीला तिचा कारखाना होता आणि तिथल्या रस्त्याला अजून हिंद सायकलचंच नाव आहे. १९८० साली संसदेने कायदा करून ती कंपनी आणि सेन-रॅले या दोन्हींचं राष्ट्रीयीकरण केलं. बाबांना वाटलं आता सुटे भाग स्वस्त मिळतील. पुढे कंपनीच राहिली नाही. ती सायकल मात्र आमच्याकडे २००५ च्या पुरापर्यंत होती.

आता मला ते लिहायचं आहे, जे भाषणात सांगायचं धैर्य झालं नव्हतं. आपल्या तुकडीतल्या सहा जणांना ते माहीत आहे.

१५ ऑगस्ट १९७९. आपण नववीत होतो. झेंडावंदन झालं, सरांनी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि आम्ही सात जण पाइपलाइनजवळच्या सायकलच्या दुकानात गेलो. तासावर भाड्याने सायकल मिळायची, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, वहीत नाव आणि वेळ. आरेत छोटा काश्मीरला जायचं ठरलं होतं. घरी कुणीच सांगितलं नव्हतं. जाताना मजेत गेलो. मरोशीच्या पुढे दोन्ही बाजूंना हिरवंगार, तबेल्यांचा वास, मधूनच पावसाची सर. हात सोडून चालवायची चढाओढ झाली, एक जण चिखलात आडवा झाला, सगळे हसलो.

परतताना पाऊस जोरात आला आणि चिमटपाड्यातल्या आपल्या मित्राच्या सायकलची चेन तुटली. उतरली नाही, तुटली. दुकानात साडेबाराच्या आत पोचलो नाही तर पुढच्या तासाचं भाडं लागणार होतं आणि कुणाच्याच खिशात ते नव्हतं. आम्ही थोडा वेळ थांबलो. मग एक जण म्हणाला, "आपण पुढे जाऊन सांगतो, तू ढकलत ये." हे कोण म्हणालं यावर आमच्यात अजून वाद आहे. मला वाटतं मीच म्हणालो. आम्ही गेलो. दुकानदाराला काहीच सांगितलं नाही, कारण तो ओरडेल अशी भीती वाटली. भिजलेले आम्ही आपापल्या घरी गेलो.

बाबांना त्या दिवशी सुट्टी होती. माझे कपडे बघून त्यांना सगळं कळलं. ओरडले नाहीत. विचारलं, "किती जण गेला होतात?"

"सात."

"परत किती आलात?"

मी गप्प राहिलो. ते उठले, दोरीवरचा ओला शर्ट तसाच अंगात घातला आणि सायकल काढून गेले. दोन-अडीच तासांनी परत आले, जेवले, झोपले. माझ्याशी त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तो मित्र आठवडाभर शाळेत आला नाही. आला तेव्हा आमच्याशी नीट बोलत नव्हता, किंवा आम्हीच त्याच्याशी बोलत नव्हतो. नववीची परीक्षा झाली आणि त्याने शाळा सोडली. एका वर्कशॉपमध्ये लागला असं ऐकलं. मनात मी त्याचा हिशेब मांडून ठेवला होता: तुटलेली चेन, वाढलेलं भाडं, घरी पडलेला मार, सुटलेली शाळा. ३९ वर्षं तो हिशेब तसाच होता.

म्हणून गट सुरू झाल्यापासून मी सगळ्यात मागे असतो. लोकांना वाटतं माझा दम कमी आहे. तोही आहे.

२०१७ साली गट फुटायची वेळ आली होती. काही जणांनी कार्बनच्या हलक्या सायकली घेतल्या, त्यांना वेगात जायचं होतं. त्यांची बाजू चुकीची नव्हती. दहा जण एकामागे एक नीट चालले की पुढचा वारा कापतो आणि मागच्याला बरीच कमी ताकद लागते, पण त्यासाठी सगळ्यांचा वेग जुळावा लागतो. सारखं थांबायचं म्हणजे पाय गार पडतात. दुसऱ्या बाजूला गुडघेवाले, त्यांना वाटायचं आपल्याला मुद्दाम दमवतात. एका रविवारी पवईच्या पुढे पुढचे सहा जण निघून गेले आणि मागे पंक्चर झालेली मैत्रीण, तीच पहिल्या बाकावरची, आणि मी, असे दोघे उरलो. तिने शांतपणे ट्यूब बदलली आणि म्हणाली, "शाळेत असताना तर तुम्ही आम्हाला विचारतही नव्हतात. आता विचारून सोडून जाता, एवढाच फरक." हे वाक्य मी जसंच्या तसं सगळ्यांना पाठवलं. मोठा गदारोळ झाला.

त्या भांडणाच्या निमित्ताने मी जरा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हे भांडण शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं आहे. १८९७ च्या जूनमध्ये इटलीतल्या बारा सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटर अंतर सूर्योदय ते सूर्यास्त यांच्या आत कापलं. त्यावरून अशा लांबच्या फेऱ्यांना 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी, असं नाव पडलं. 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०४ साली फ्रान्समध्ये त्याचे नियम केले: गटाने एकत्र जायचं, पुढे एक कप्तान, वेग ठरलेला, त्याला ओलांडायचं नाही. म्हणजे आमच्या बाबांची डायनॅमोवाली रीतच, फक्त फ्रेंचमध्ये. १९२१ मध्ये तिथेही फूट पडली. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाने आपापल्या गतीने जायची पद्धत धरली, गटाने जाणारे वेगळे राहिले. आज आपल्याकडे ज्या 'ब्रेव्हे' होतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत, त्या या आपापल्या गतीच्या घराण्यातल्या. आपल्या तुकडीतल्या दोघांनी २०० ची पुरी केली आहे. त्यांचं कौतुक वेगळ्या लेखात यायला हवं होतं, संपादकांनी नोंद घ्यावी.

आम्ही पॅरिसला न विचारता तोडगा काढला. आरेच्या चढावर ज्याने त्याने आपल्या गतीने जायचं आणि वर चहाच्या टपरीशी थांबायचं. शेवटचा आला की त्यालाही चहा प्यायला वेळ द्यायचा, तो येताच बाकीच्यांनी उठायचं नाही. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड निघाला. सपाट रस्त्यावर मात्र एकत्र. पुढे एक जण, मागे एक जण, दोघांकडे दिवे. निघताना मोजायचं आणि परतल्यावर मोजायचं. मोजायची सूचना माझी होती. कारण कुणी विचारलं नाही.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये ठाण्याला मामलेदार मिसळ खायला गेलो होतो. आपल्या एका मित्राने शोध काढून चिमटपाड्यातल्या त्या मित्राला तिथे बोलावलं होतं. मला सांगितलं नव्हतं. तो कळव्याहून साध्या काळ्या सायकलवरून आला, पुढे घंटी, मागे कॅरिअर. कार्बनच्या सायकलींच्या रांगेत ती लावली आणि म्हणाला, "ही चोरीला जाणार नाही, या सगळ्यांच्यात ही सुरक्षित." मिसळ आली. माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मी त्याला १५ ऑगस्टचं विचारलं, म्हणजे विचारलं काय, माफीच मागितली.

तो म्हणाला, "अरे, ते होय! तुझे बाबा आले होते ना."

मला काहीच समजलं नाही.

"मरोशीच्या अलीकडे भेटले. मला त्यांच्या कॅरिअरवर बसवलं आणि ती मोडकी सायकल एका हाताने धरून आणली दुकानापर्यंत. दुकानदाराला भाडं दिलं, चेनचे पैसे दिले. मला म्हणाले, घरी सांगू नकोस, नाहीतर मार बसेल. मी कशाला सांगू? तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. बाबा १९९८ मध्ये गेले.

"मग शाळेत का आला नाहीस आठवडाभर?"

"ताप आला. पाऊस केवढा होता!" शाळाही त्याने त्यामुळे सोडली नव्हती. त्यांचं घर कळव्याला गेलं आणि वडिलांची नोकरी डळमळीत होती, म्हणून मामाच्या वर्कशॉपमध्ये बसला. तुमच्याशी बोलत नव्हतो, कारण तुम्ही बोलत नव्हतात, असं म्हणाला. मग पाव मागवला. जाताना मात्र एक म्हणाला, "वाईट वाटलंच होतं रे. वळणावर तुम्ही दिसेनासे झालात तेव्हा." ते मी इथे लिहितो, कारण नाहीतर हा हिशेब फारच माझ्या सोयीचा होईल.

बाई, तुमचा प्रश्न मला तेव्हा विचारता आला असता. हे सगळं कशावरून? ३९ वर्षं मी जे खरं धरून बसलो होतो, त्यातलं निम्मं मी स्वतःच रचलेलं होतं. आणि जे खरंच घडलं ते आमच्याच घरात जेवायला बसलेलं होतं.

तो मित्र आता दर महिन्याला येतो. ठाण्याची वाट असली की मध्येच मिळतो. पंक्चर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. कार्बनवाले आपली चाकं त्याच्याकडे घेऊन जातात, तो रिमचा आउट काढून देतो आणि वर दोन शिव्या देतो. करोनाच्या वर्षी टाळेबंदी उठल्यावर सायकली मिळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा गटातल्या नव्या पाच जणांना त्याने जुन्या सायकली जोडून दिल्या. पैसे फक्त भागांचे घेतले.

संमेलनाच्या दिवशी सकाळी आरेची फेरी ठेवली आहे. साडेपाचला मरोळ नाका, मेट्रोच्या खाली, साडेआठपर्यंत शाळेच्या फाटकाशी परत. पंचेचाळीस वर्षांत सायकलला हात न लावलेल्यांनीही यावं, आरेत शिरेपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी आदल्या रविवारपर्यंत कळवावं, कळव्याहून चार येणार आहेत. दिवा आणि एक जादा ट्यूब बरोबर ठेवा. शिक्षकांपैकी कुणाला यायचं असेल तर मागे एक रिक्षा सांगितली आहे.